सडपातळ माणसाचा एलडीएल २३६ : दोष तेलाचा की आनुवंशिक?

प्रश्न (चोपडा)
माझे वडील पन्नाशीआधीच हृदयविकाराने गेले आणि आता मोठ्या भावाची एक्केचाळिसाव्या वर्षी अँजिओप्लास्टी झाली, म्हणून मीही रक्त तपासले, तर एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) २३६ निघाला. माझा बांधा सडपातळ आहे, केळीच्या बागेत रोज अंगमेहनत होते आणि तंबाखूचे व्यसन नाही. घरची मंडळी मात्र भरीत आणि शेवभाजीच्या तर्रीला दोष देतात. तेल सोडल्याने हा आकडा उतरेल काय? नऊ वर्षांच्या मुलीचीही तपासणी करावी काय?

उत्तर १ (जळगाव, डॉक्टर)
भाऊ, केवळ तर्रीमुळे आकडा एवढा चढत नाही. एलडीएल १९० च्या वर आणि घरात कमी वयात हृदयविकार, असे दोन्ही असेल, तर थायरॉइड व मूत्रपिंडाचे विकार नाहीत याची खात्री करून फॅमिलियल हायपरकोलेस्टेरोलेमियाचा (घराण्यातून येणाऱ्या वाढीव कोलेस्टेरॉलच्या विकाराचा) विचार करावा लागतो. यकृताच्या पेशींवर रक्तातील एलडीएल ओढून घेणारे रिसेप्टर असतात. त्यांच्या जनुकात दोष असला की एलडीएल जन्मापासूनच रक्तात साचत राहतो. ब्राउन आणि गोल्डस्टीन यांना १९८५ चे नोबेल याच क्षेत्रातील शोधांसाठी मिळाले. हा विकार साधारण अडीचशे माणसांत एकाला असतो आणि बहुतेकांना त्रास काहीच जाणवत नाही, हीच खरी अडचण आहे. टाचेमागची शीर (रक्तवाहिनी नव्हे, स्नायू हाडाला जोडणारा दोर) जाड झाली आहे काय, बोटांच्या सांध्यांवर गाठी आहेत काय, बुबुळाभोवती पांढरट कडे दिसते काय, एवढे आरशासमोर पाहून घ्यावे. पण यातले काही नसले तरी विकार नाही असे ठरत नाही. पथ्य हवेच, पण मुख्य उपचार स्टॅटिनचा, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या गोळीचा. तो पुरला नाही तर इझेटिमाइब ही दुसरी गोळी, त्यानंतर पीसीएसके९ (हे रिसेप्टर नष्ट करणारे प्रथिन) रोखणारी महागडी इंजेक्शने. मुलीला हा दोष मिळण्याची शक्यता निम्मी आहे, म्हणून तिची आणि भावाच्या मुलांचीही तपासणी करावीच. गरज पडल्यास आठ ते दहा वर्षांपासून, तज्ज्ञांच्या देखरेखीखाली, औषध देता येते.

उत्तर २ (धुळे)
आमच्या घरात हा विकार आहे. सोयरीक मोडेल या भीतीने आमच्या नात्यात अहवाल लपवले जातात, जे मला अजिबात पटत नाही, कारण आईवडील दोघांनाही हा दोष असल्यास चारांतील एका मुलाला त्याचे तीव्र रूप होऊ शकते आणि तेव्हा बालपणीच हृदयविकार गाठतो. गोळी मनाने बंद केली की आकडा पुन्हा चढतो. मात्र गर्भधारणेचा विचार असलेल्या स्त्रीने स्टॅटिनबद्दल डॉक्टरांना आधीच विचारावे.

उत्तर ३ (नंदुरबार)
माझ्या भाच्याची गोष्ट वेगळी आहे. त्याचे ट्रायग्लिसराइड (रक्तातील चरबीचा दुसरा प्रकार) हजाराच्या वर होते, रक्ताचा वरचा थर दुधासारखा दिसत होता आणि स्वादुपिंडाला सूज येऊन पोटात असह्य वेदना झाल्या. तोही आनुवंशिकच प्रकार, परंतु तिथे तेल-तूप जवळजवळ बंद करणे हाच मुख्य उपचार ठरला. म्हणून डॉक्टरांना दाखवताना केवळ एलडीएलचा आकडा न सांगता संपूर्ण अहवाल न्यावा.