गव्हर्नरपदासाठी तिसऱ्या पक्षाला मत: हक्क की फुकट घालवणं?

भटक्या:
अमेरिकेत न्यूयॉर्क राज्याच्या गव्हर्नरपदाचा (म्हणजे थेट मतांनी निवडल्या जाणाऱ्या राज्यप्रमुखाचा) विषय निघाला आणि कुणी डेमोक्रॅटिक-रिपब्लिकन सोडून ग्रीन किंवा लिबर्टेरियन अशा छोट्या पक्षाच्या उमेदवाराचं नाव घेतलं की लगेच प्रश्न येतो, "निवडून येणार आहे का तो?" नाही येणार. तरी मत द्यावं असं माझं म्हणणं. २०१४ ला ग्रीन पक्षाच्या हॉवी हॉकिन्सला ५ टक्क्यांच्या आसपास मतं पडली. फ्रॅकिंगवर (खडक पाण्याच्या दाबाने फोडून तेल-वायू काढण्यावर) बंदी हा त्याचा हुकमी मुद्दा, आणि डेमोक्रॅटिक गव्हर्नर कुओमो तोवर नुसती चालढकल करत होते. निवडणूक झाली नोव्हेंबरात, बंदी जाहीर झाली डिसेंबरात!

सरळमार्गी:
कावळा बसायला आणि फांदी मोडायला. फ्रॅकिंगविरोधी आंदोलन कित्येक वर्षं चालू होतं, वर आरोग्य खात्याचा अहवाल आला. श्रेय मात्र हॉकिन्सला? त्यापेक्षा मेन राज्यात २०१० ला काय झालं ते बघा. मतं तिघांत फुटली आणि ३८ टक्क्यांवर रिपब्लिकन लपाज गव्हर्नर झाले. बाकीच्यांनी बसायचं हात चोळत.

भटक्या:
अहो, तिथे ३६ टक्के मिळवून दुसरा आला तो अपक्ष कटलर. तिसरा नंबर डेमोक्रॅटिक उमेदवाराचा, १९ टक्के. मग कुणी कुणाची मतं खाल्ली?

सरळमार्गी:
२०१४ ला तोच कटलर ८ टक्क्यांवर आला आणि लपाज पुन्हा जिंकले, तेही ५० च्या आतच. लोक वैतागले म्हणून २०१६ ला पसंतीक्रमाचं मतदान (उमेदवारांना १, २, ३ असे क्रमांक द्यायचे) मंजूर झालं ना? तेही गव्हर्नरच्या अंतिम लढतीला लागू नाही, मेनची स्वतःची राज्यघटना आड आली.

खडूस:
मिनेसोटा विसरलात दोघंही. तिथे १९९६ ला रिफॉर्म या छोट्या पक्षाचा सिनेटचा उमेदवार ७ टक्क्यांवर आपटला. सगळी "वाया" मतं! पण ५ टक्क्यांची अट पार झाल्याने पक्षाला मोठ्या पक्षाचा दर्जा मिळाला, त्यासोबत सरकारी प्रचारनिधीचा मार्गही. त्याच जोरावर १९९८ ला कुस्तीवाला जेसी व्हेंच्युरा ३७ टक्के घेऊन गव्हर्नर झाला.

सरळमार्गी:
झाला, पुढे? निवडून आला तेव्हा विधिमंडळात त्याच्या पक्षाचा एक माणूस नाही. दोन वर्षांत पक्ष सोडला, २००२ ला उभाच राहिला नाही.

भटक्या:
निदान मतपत्रिकेवर नाव तरी होतं. न्यूयॉर्कने २०२० मध्ये नियम असे आवळले की पक्षाचा दर्जा टिकवायला दर चार वर्षांनी ५०,००० मतं पुरायची, तिथे आता दर दोन वर्षांनी १,३०,००० किंवा २ टक्के, जे जास्त असेल ते. दर्जा नसेल तर ४२ दिवसांत ४५,००० सह्या गोळा करा. पूर्वी १५,००० लागायच्या. २०२२ ला गव्हर्नरसाठी मतपत्रिकेवर दोनच नावं उरली. ह्याला स्पर्धा म्हणायचं?

सरळमार्गी:
सह्यांची अट जाचक आहे, मान्य. पण न्यूयॉर्कात मतपत्रिकेवर एकच उमेदवार दोन पक्षांच्या ओळींवर चालतो, आणि दोन्हीकडची मतं एकत्र मोजतात. रिपब्लिकन पटाकी १९९४ ला छोट्या कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाच्या ओळीवरच्या मतांमुळेच गव्हर्नरपद जिंकले, नुसत्या रिपब्लिकन ओळीवर ते मागे होते. मी वर्किंग फॅमिलीज या छोट्या पक्षाच्या ओळीवर मत देतो. मत जातं डेमोक्रॅटिक उमेदवारालाच, आणि छोट्या पक्षाचा दर्जाही टिकतो.

खडूस:
म्हणजे दुकान त्यांचं, माल तुमचाच.