मदत हवी आहे: सहा हजारांत रेट्रो गेमचा हँडहेल्ड (हातात धरून खेळायचा कन्सोल) कोणता घ्यावा?

मंडळी, सोलापूरहून विचारतोय. बजेट सहा हजार, ताणून साडेसहा. खेळायचंय ते कॉन्ट्रा, मारिओ आणि प्लेस्टेशन १ वरचं टेकन ३. पीएसपीचे (सोनीच्या जुन्या हँडहेल्डचे) गेम चालले नाहीत तरी चालेल. वापर मुख्यतः हुतात्मा एक्सप्रेसमध्ये, पुण्याला जाता-येता.

नवी पेठेतून '४०० गेम' वाला स्वस्त डबा आणून झाला. निम्मे गेम तेच ते, नाव बदलून, आणि सेव्हची सोयच नाही. मोबाइलवर इम्युलेटरही (जुने गेम चालवणारं ॲप) टाकून पाहिला, पण काचेवर बोटं घासून टेकन होत नाही हो!

आता अडलोय तिघांत. मियू मिनी प्लस खिशात मावतो, पण त्याला ॲनालॉग स्टिक (अंगठ्याने फिरवायच्या छोट्या दांड्या) नाहीत. ॲनबर्निक आरजी ३५ एक्सएक्स एचला दोन आहेत. स्क्रीन दोघांचीही साडेतीन इंची, ६४० बाय ४८०, म्हणजे त्यात निवडण्यासारखं काही नाही. आर ३६ एस सगळ्यात स्वस्त, पण त्याच्या नकला फार फिरतात.

मेमरी कार्ड चांगल्या कंपनीचं वेगळं घेणारच आहे, सॉफ्टवेअर टाकायलाही जमतं. ऑनलाइन मागवायला हरकत नाही, फक्त परत करायची सोय हवी.

तर नेमकं एवढंच सांगा: टेकनसाठी मियूचा डी-पॅड (चार दिशांचं अधिक चिन्हासारखं बटण) तासभर अंगठा न दुखता पुरतो का? आणि आर ३६ एस हातात आल्यावर अस्सल की नक्कल, हे कशावरून ओळखायचं?