पहिलाच असेम्बल्ड पीसी: प्रोसेसर ठरता ठरेना, आणि कूलर एअरचा घेऊ की लिक्विड?

वाचनखोली

नमस्कार मंडळी, आजवर सगळं लॅपटॉपवरच केलं, आता पहिल्यांदा सुटे पार्ट घेऊन स्वतः पीसी जोडायचा म्हणतेय. काम काय, तर मी घरी ऑडिओबुकसाठी वाचन रेकॉर्ड करते, त्याचं एडिटिंग, शिवाय फोनवर शूट केलेले ४के व्हिडिओ रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये कापणं-जोडणं आणि रात्री तास-दीड तास गेम. माईक आणि पीसी एकाच खोलीत राहणार, दुसरी सोय नाही. लॅपटॉपचा फॅन सुरू झाला की टेक थांबवून वाट बघत बसावं लागतं, एका प्रकरणात आठ-दहा वेळा तरी, वाक्याचा सूरच जातो मग. म्हणून आवाज ही माझी सगळ्यात मोठी काळजी.

यादीत रायझन ५ ७६००, ७६००एक्स, रायझन ७ ७७००, ७८००एक्स३डी आणि इंटेलचा आय५-१४६००के आहेत. ओळखीतल्या एकाने सांगितलं की हल्लीचे प्रोसेसर ९५ डिग्रीला जातात, ३६० मिमीचा लिक्विड कूलर लागेलच. ९५ ऐकून पोटात गोळा आला. खरंच एवढं तापतं का? कॅबिनेट भावाने आधीच घेऊन दिलंय, ग्राफिक्स कार्ड मधल्या रेंजमधलं घेईन, बाकी सगळं कोरं आहे.

थंडडोकं

ताई, आधी ९५ चं भूत उतरवू. रायझन ७००० मधल्या बहुतेक चिप्सची कमाल मर्यादा ९५ डिग्री आहे, आणि एएमडीने त्या मुद्दाम अशा बनवल्यात की पूर्ण लोड आला की पॉवर, करंट नाहीतर तापमान यातली एखादी मर्यादा लागेपर्यंत स्पीड वाढवत न्यायचा. म्हणजे ७६००एक्स रेंडर करताना ९५ ला टेकला तर बिघडला असं नाही, तो त्याचं काम करतोय. ७८००एक्स३डी ची मर्यादा ८९ आहे.

आता खरा मुद्दा. खोक्यावरचा टीडीपी (कंपनीने लिहिलेला उष्णतेचा वॅटमधला आकडा) बघून कूलर निवडू नका, प्रोसेसर सॉकेटमधून प्रत्यक्षात किती वॅट ओढू शकतो ते बघा. ७६०० वर ६५ वॅट लिहिलंय पण तो ८८ पर्यंत ओढतो. ७६००एक्स वर १०५ लिहिलंय, ओढतो १४२ पर्यंत. १४६००के वर १२५ आणि टर्बोला १८१. आणि आता ७७०० बघा, कोर ८, थ्रेड १६, बूस्ट ५.३ गिगाहर्ट्झ, आणि मर्यादा तीच ८८ वॅट! दोन कोर जास्त आणि उष्णता ७६०० एवढीच. तुमच्या कामाला माझं मत सरळ ७७०० ला. ७८००एक्स३डी चा ९६ एमबी कॅश (चिपमधलीच वेगवान मेमरी) गेममध्ये खूप फरक पाडतो, पण त्याचा बूस्ट ५.० चा आहे आणि एडिटिंगला त्या कॅशचा तसा उपयोग नाही, शिवाय मधल्या रेंजचं कार्ड असेल तर बऱ्याच गेममध्ये आधी कार्डच दमणार.

८८ वॅटला ३६० चा रेडिएटर म्हणजे दोन माणसांच्या भाताला पंगतीचं पातेलं. कॅबिनेटच्या माहितीपत्रकात सीपीयू कूलरची कमाल उंची किती दिलीय ते सांगा, त्याशिवाय कूलरचं नाव घेण्यात अर्थ नाही.

कोरमोजणी

१४६००के ला एवढ्या पटकन बाजूला करू नका हो. ६ मोठे आणि ८ छोटे कोर, एकूण २० थ्रेड, रेंडरला जोरदार चालतो. आणि इंटेलच्या आतल्या ग्राफिक्समध्ये क्विक सिंक (व्हिडिओ उलगडणारा खास भाग) असतं, कॅमेऱ्याचं १० बिट ४:२:२ (रंगाची जास्त माहिती ठेवणारं) एचईव्हीसी फुटेज असेल तर टाइमलाइन लोण्यासारखी सरकते, माझं रोजचं काम तेच असल्याने मी इंटेलवरच आहे. पण ताईंचं फुटेज फोनचं आहे म्हणजे बहुतेक ४:२:०, ते कुठलंही आजचं ग्राफिक्स कार्ड सहज उलगडतं.

आणि हेही सांगायलाच हवं, १३व्या-१४व्या पिढीच्या डेस्कटॉप चिप्समध्ये व्होल्टेजमुळे अस्थिरतेची भानगड झाली होती, इंटेलने ऑगस्ट २०२४ मध्ये ०एक्स१२९ मायक्रोकोड (चिपच्या आतल्या सूचनांचा अपडेट) दिला आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. आता कोणी १४६००के घेतला तर पहिलं काम बायोस (बोर्डाचं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट. एलजीए १७०० सॉकेटही तिथेच संपलं, ऑक्टोबर २०२४ ला आलेल्या कोअर अल्ट्रा २०० ला १८५१ सॉकेट लागतं. रायझनच्या एएम५ सॉकेटवर निदान पुढे नुसती चिप बदलता येईल. तेव्हा आवाज हाच निकष असेल तर मीही ७७०० च म्हणेन.

वाचनखोली

खूप खूप आभार दोघांचे, वॅटचं हे गणित कोणी समजावलंच नव्हतं. माहितीपत्रकात कूलरची उंची १५८ मिमी लिहिलीय. ७७०० च्या खोक्यात कूलर येतो ना, तोच चालेल का?

हळूपंखा

येतो, रेथ प्रिझम, आणि थंड ठेवण्यापुरता पुरेसा आहे. पण त्याचा पंखा लहान असल्यामुळे जास्त फिरावा लागतो आणि आवाज बारीक, कानाला टोचणारा येतो. माईक त्याच खोलीत म्हणताय तर १२० मिमी पंख्याचा टॉवर कूलर घ्या. तुमच्या १५८ मध्ये डीपकूल एके४०० बसतो, उंची १५५. थर्मलराइटचा पीअरलेस असासिन १२० एसई सुद्धा १५५ चाच, दोन टॉवर आणि ६ हीटपाइप. एके६२० मात्र १६० चा आहे आणि नॉक्टुआचा एनएच-डी१५ १६५ चा, यातला कुठलाही घेतला तर कॅबिनेटची बाजूची काच बंद होणार नाही. दोन टॉवरवाला घेतलात तर रॅम बुटकी घ्या, उंच हीटस्प्रेडरची रॅम असली की पुढचा पंखा वर सरकवून लावावा लागतो आणि मग १५५ चे १५८ च्या वर कधी गेले कळत नाही. ८८ वॅटला एक टॉवर भरपूर झाला, मी तर एके४०० घेईन.

लिक्विडबद्दल, मी स्वतः दोन वर्षं वापरला. रेंडरला छान, पण पंप कधीच थांबत नाही, रात्री खोली शांत झाली की त्याची ती बारीक गुणगुण मला रेकॉर्डिंगमध्ये ऐकू यायची. शेवटी काढला. टॉवर कूलरमध्ये पंख्याशिवाय फिरणारं काहीच नाही.

पण ताई, सगळ्यात महत्त्वाचं आता सांगतो. रेकॉर्डिंग करताना प्रोसेसर जवळजवळ रिकामाच असतो, टेक बिघडतो तो पंख्याच्या वर-खाली होण्याने. एकसारखा मंद हूं असेल तर नॉइज रिडक्शनमध्ये सहज निघतो, मधेच चढणारा आवाज वाक्याच्या आत शिरतो आणि तो काढताना तुमचा स्वरही खरवडला जातो. रायझनचं तापमान नुसतं ब्राउझर उघडलं तरी क्षणभर उडी मारतं आणि लगेच खाली येतं, आणि पंखा वेड्यासारखा त्याच्या मागे धावतो. म्हणून बायोसमध्ये जाऊन फॅन कर्व्ह (कुठल्या तापमानाला पंखा किती फिरेल ती रेषा) ६५-७० डिग्रीपर्यंत जवळजवळ सपाट ठेवा, आणि बोर्डात पंख्याचा स्पीड उशिराने बदलण्याची सोय असेल (बहुतेक बोर्डांत असते, नावं वेगवेगळी) ती जास्तीत जास्त वर न्या. कॅबिनेटच्या पंख्यांनाही हेच करा, लोक तेवढं विसरतात. आणि ग्राफिक्स कार्ड असं बघा ज्याचे पंखे कमी लोडला पूर्ण थांबतात.

थंडडोकं

+१, वरचा फॅन कर्व्हचा भाग नीट जपून ठेवा. जोडतानाच्या दोन-चार गोष्टी मी सांगतो. एएम५ मध्ये पिना बोर्डाच्या सॉकेटमध्ये असतात, त्यांना बोट नाही, कापड नाही, काहीच लावायचं नाही. कूलरसाठी बोर्डावरचे प्लास्टिकचे दोन ब्रॅकेट काढायचे, मागची धातूची प्लेट तशीच ठेवायची, बहुतेक टॉवर तिच्यावरच बसतात. कूलरच्या तळाला पातळ प्लास्टिक असतं ते सोला, माझ्या भाच्याच्या पीसीत ते राहिलं होतं आणि आम्ही दोघं संध्याकाळभर तापमान का चढतंय म्हणून शोधत बसलो. थर्मल पेस्ट (प्रोसेसर आणि कूलरच्या मधे लावतात ती) मधोमध वाटाण्याएवढी, आणि स्क्रू एकदम एक न आवळता आलटून पालटून.

रॅम दोनच कांड्या, डीडीआर५-६०००, प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत, मग बायोसमध्ये एक्सपो (रॅम तिच्या पूर्ण स्पीडला चालवणारी सेटिंग) चालू करायचं. आणि पहिल्यांदा बटण दाबल्यावर स्क्रीन काळी राहील, काही मिनिटं सुद्धा, बोर्ड तेव्हा रॅमशी जुळवून घेत असतो. त्या वेळात वीज बंद करू नका.

वाचनखोली

मंडळी, कळवायला उशीर झाला. ७७०० आणि एके४०० घेतला, रविवारी जोडला. काच नीट बंद झाली! पहिल्या बटणानंतर खरंच काळी स्क्रीन, थंडडोकं यांनी सांगितलं नसतं तर मी सगळं परत उचकटलं असतं, घड्याळ लावून बसले आणि चौथ्या मिनिटाला बायोस आला. कर्व्ह ६८ पर्यंत सपाट ठेवलाय. रेंडरला ७०-७५ च्या आसपास, तेव्हा पंखा ऐकू येतो, पण तेव्हा मी चहा घेत असते. काल दोन प्रकरणं सलग वाचली, एकदाही थांबावं लागलं नाही. आता हेडफोनमध्ये भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू येतेय, ते आज बाहेरच्या खोलीत नेते.