पीएम-किसानचा हप्ता सातबाऱ्यावरील नावाला. अर्धेलीने कसणाऱ्याला काय?

प्रश्न (धनकवडीकर):
भोर तालुक्यात आमची साडेतीन एकर जमीन आहे. वडील 2022 मध्ये वारले आणि वारसनोंद होऊन सातबाऱ्यावर आता आई व मी अशी दोन नावे लागली आहेत. आई गावीच राहते. मी पुण्यात नोकरी करतो व आयकर भरतो. जमीन गेली अकरा वर्षे शेजारचे एक गृहस्थ अर्धेलीने, म्हणजे निम्म्या वाट्याने, कसतात. परवा पीएम-किसानच्या संकेतस्थळावर गावाची लाभार्थी यादी उघडली, तेव्हा शहरात फ्लॅट घेऊन स्थायिक झालेली आणि फक्त जत्रेपुरती गावी येणारी बरीच नावे तीत दिसली. गुडघाभर चिखलात उभे राहून आमच्या खाचरांत इंद्रायणी भात लावणाऱ्या माणसाचे नाव मात्र तीत नाही. आईला हप्ता मिळू शकेल का, आणि या गृहस्थांना काही मिळवून देण्याचा सरळ मार्ग आहे का?

उत्तर 1 (जुना कारकून):
आईंना मिळू शकेल. योजनेसाठी जमीन 1 फेब्रुवारी 2019 रोजी नावावर असावी लागते. त्यानंतर खरेदी किंवा बक्षीसपत्राने आलेली जमीन धरली जात नाही, मात्र वारसाहक्काने आलेल्या जमिनीला सवलत आहे. योजनेच्या लेखी कुटुंब म्हणजे पती, पत्नी आणि अल्पवयीन मुले, त्यामुळे तुम्ही आयकर भरता म्हणून आई अपात्र ठरत नाहीत. तुम्ही स्वतः मात्र अर्ज करू नका. आयकरदात्यांनी घेतलेले हप्ते परत मागणाऱ्या नोटिसा तहसील कार्यालयांतून गेलेल्या आहेत. आईंचा फार्मर आयडी काढून घ्या, ई-केवायसी करा आणि बँक खाते आधारशी जोडलेले आहे ना, ते पाहा; निम्मे अर्ज तिथेच अडकतात. केंद्राचे वर्षाला 6,000 रुपये, म्हणजे 2,000 चे तीन हप्ते, सुरू झाले की त्याच यादीवरून राज्याच्या नमो शेतकरी महासन्मान निधीचेही तेवढेच येतात.

उत्तर 2 (नीराकाठ):
दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर कडू आहे. पीएम-किसान हे जमीनधारकाला मिळणारे साहाय्य आहे, कसणाऱ्याला नव्हे. वाटेकरी किंवा खंडाने जमीन करणारा त्यात बसतच नाही. पीकविम्यात त्याला जागा आहे, पण त्यासाठी नोंदणीकृत भाडेकरार जोडावा लागतो, आणि तो करून द्यायला आपल्याकडे कोणी धजत नाही. कूळकायद्याने 1 एप्रिल 1957 च्या कृषकदिनी दुसऱ्याची जमीन कसणारी कुळे तिची मालक झाली, ही आठवण घराघरांत इतकी ताजी आहे की नातवंडेही वाटेकऱ्याचे नाव कागदावर येऊ देत नाहीत. तुमच्या गावची यादी चुकलेली नाही, एवढेच म्हणेन. नियमाने तिला जे विचारले तेच तिने सांगितले. त्यातले आयकरदाते तेवढे वगळायला हवेत.

उत्तर 3 (शिवारातला):
थोडे विषयाला लागूनच सांगतो. मोठी रक्कम ठिबक सिंचनाच्या अनुदानात असते: राज्याचे पूरक अनुदान धरून अल्प व अत्यल्प भूधारकाला 80 टक्के, इतरांना 75 टक्के. तेथेही महाडीबीटी या राज्याच्या संकेतस्थळावर अर्ज मालकाच्याच नावे होतो आणि पाइप ज्याच्या वावरात, त्याच्या खात्यावर पैसे. आमच्याकडे इंदापूरला वाटेकरी मालकाचा ओटीपी मागायला फोन करतो आणि मालक मीटिंगमध्ये असतो!

धनकवडीकर:
सर्वांचे आभार. आईचा अर्ज या आठवड्यात भरतो. भाडेकराराचा विषय काढताच चुलत्यांनी डोळे वटारले, तेव्हा तूर्त तो बाजूला ठेवला आहे. बियाणे आणि खत आजवर निम्मे-निम्मे होते. हप्ते सुरू झाले की खताचा सगळा खर्च आपण उचलावा, असे आईनेच सुचवले आणि मी ते त्या गृहस्थांना कळवले आहे.