चर्चा: नेरूळच्या पाणथळींवर घरं बांधावीत का?

खाडीकाठ
नवी मुंबईत नेरूळ-सीवूड्सजवळच्या 30 एकरांच्या डीपीएस तळ्याला संवर्धन राखीवचा (वन्यजीव कायद्याखालच्या संरक्षित क्षेत्राचा) दर्जा द्यायला राज्य वन्यजीव मंडळाने 2025 मध्ये मंजुरी दिली. शेजारच्या टी. एस. चाणक्य आणि एनआरआय पाणथळींचं काय? तिथल्या गोल्फ कोर्स आणि घरबांधणीचे निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने 2018 मध्ये रद्द केले, मग प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. माझ्या मते तिन्ही जागा एकत्रच राखायला हव्यात. रोहित पक्षी (फ्लेमिंगो) ओहोटीला ठाणे खाडीच्या चिखलात चरतात. भरतीने चिखल बुडाला की याच तळ्यांवर येऊन वीतभर पाण्यात उभे राहतात. भरती दिवसातून दोनदा येते.

आराखडा
विरोध नोंदवतो. ही निसर्गाची तळी नव्हेत. बांध घातले, रस्ते आले, पाणी अडलं, मग पक्षी आले. स्टेशनपासून जवळ, रस्ते-नाले तयार असलेली जमीन मोकळी ठेवली तर तीच घरं उलवे-पनवेलकडे भातशेतीवर उभी राहतील. त्या नुकसानीचा हिशेब कोण मांडणार? पक्ष्यांसाठी खाडीच्या वर दुसरं तळं खोदता येईल.

उधाण-भांग
मानवनिर्मित म्हटल्याने सुटका होत नाही. 2017 च्या पाणथळ नियमांत पिण्याचं पाणी, मत्स्यशेती, मीठ, करमणूक आणि सिंचन यांसाठी मुद्दाम बांधलेली तळी वगळली आहेत. अडलेलं भरतीचं पाणी त्यात बसत नाही.

दुसरं तळं खोदण्याबद्दल. खड्डा सोपा, पाण्याची ये-जा अवघड. खाडी आणि तळं जोडणाऱ्या पाइपाचा तळ भांगाच्या (अष्टमीच्या सुमाराच्या कमी उंचीच्या) भरतीच्या पातळीपेक्षा वर बसला, तर पाणी फक्त उधाणाच्या (अमावस्या-पौर्णिमेच्या सुमाराच्या मोठ्या भरतीच्या) दिवसांत आत येतं. मधले सात-आठ दिवस तळं नुसतं आटत राहतं, खारटपणा वाढतो, वर शेवाळाची साय धरते. भरतीचं पाणी पूर्ण तोडून पावसाचं आणि सांडपाणीच आत राहिलं, तर पाणकणीस माजतं आणि उघडं पाणी उरत नाही. पाइप खूप खाली ठेवला तर गाळ आणि प्लास्टिक तोंडाशी अडकतं. म्हणून आधी तळ्याचा तळ, पाइपाचा तळ आणि भांगाची भरती, या तिन्ही पातळ्या एकाच संदर्भबिंदूवरून मोजाव्या लागतात. जाळी नियमित साफ करायला माणूस नेमावा लागतो. कागदावर राखीव असलेलं तळंही पाइप तुंबला की मरतं. डीपीएसचा दर्जासुद्धा यावरच टिकेल.

आराखडा
पाइपाचा मुद्दा मान्य. पण मग पाण्याची ही सोय खर्चून नव्या जागीही करता येईल. आणि नवी मुंबईसाठी घेतलेल्या जमिनीच्या बदल्यात द्यायचे साडेबारा टक्क्यांचे भूखंड? प्रकल्पग्रस्तांचं देणं बाकी असताना एवढी जमीन अडवणं मला पटत नाही.

खाडीकाठ
प्रकल्पग्रस्तांना त्यांचे भूखंड मिळालेच पाहिजेत, पण रद्द झालेली योजना गोल्फ कोर्स आणि त्यासोबतच्या घरांची होती. ती साडेबारा टक्क्यांच्या हिशेबात धरू नका.

शिवाय नवी मुंबई सखल आहे. भरतीच्या वेळी मुसळधार पाऊस आला की उघाड्यांची (पाणी खाडीत सोडणाऱ्या वाटांची) दारं बंद राहतात आणि पाणी धारण तलावांतच (पावसाचं पाणी तात्पुरतं साठवणाऱ्या तळ्यांतच) थांबतं. पाणी सामावणारी मोकळी जागा भराव घालून उंच केली तर ते शेजारच्या तळमजल्यांकडे वळतं.

आराखडा
पुराच्या मुद्द्यावर आकडे हवेत. कोणत्या तळ्यात किती घनमीटर पाणी मावतं, हे पातळ्या मोजून मांडा. तोवर पाणथळीबाहेरच्या कोरड्या कडेवर घरांना हरकत का, हे मला समजलेलं नाही.

उधाण-भांग
त्या कडेवर आधी उधाणाची रेषा आखून घ्या. हिवाळ्यात कोरडी दिसणारी कड पावसाळ्यातल्या उधाणाला पाण्याखाली असते.