मदत हवी आहे: १९९८ ची ग्रेंज वाइन, तीन वर्षं फ्रिजच्या डोक्यावर उभी होती. गेली का?

टोरेन्सकाठचा:
नमस्कार मंडळी, आधीच सांगतो मला वाइनमधलं ओ की ठो कळत नाही. आमच्याकडे वाइन म्हणजे आबा एकदा गोव्याहून पोर्ट घेऊन आले होते ती, आणि ती पण सर्दी झाली की चमच्याने.

तर झालं असं की मी ॲडलेडला राहतो, शेजारी एक ऑस्ट्रेलियन आजोबा होते, एकटेच. त्यांचं लॉन कापून देणं, कचऱ्याचे डबे बाहेर काढणं असं मी करायचो आणि बायको सणाला काही केलं की ताट द्यायची, पुरणपोळी त्यांना फार आवडायची, पॅनकेक म्हणायचे तिला. २०१८ च्या नोव्हेंबरमधे ते घर विकून ओल्ड एज होममधे गेले तेव्हा जाताना हातात एक बाटली ठेवली. पेनफोल्ड्स कंपनीची ग्रेंज, बिन ९५ (हा त्यांचा नंबर), १९९८ सालची. रिटायर झाल्यावर स्वतःसाठी घेतली होती म्हणे आणि मग उघडायला कधी कारणच मिळालं नाही. एकच म्हणाले, विकू नकोस, पी.

मी थँक्यू म्हणालो आणि फ्रिजच्या डोक्यावर ठेवून दिली, उभी, तेलाच्या डब्याशेजारी. हसू नका. डिसेंबरमधे आम्ही पुण्याला गेलो, घर बंद, एसी बंद, आणि त्याच जानेवारीत, २४ तारखेला, इथे ४६.६ डिग्री झालं, ॲडलेडचा रेकॉर्ड. बाटली तिथेच. पुढे २०२१ ला ऑफिसमधला एकजण जेवायला आला त्याने ती बघितली आणि त्याचा चेहराच पडला, त्याने सांगितलं तेव्हा कळलं आपल्याकडे ऑस्ट्रेलियातली एक सगळ्यात नावाजलेली, महागडी वाइन आहे. तेव्हापासून बेडरूमच्या कपाटात आडवी आहे, गोधड्यांच्या मागे.

आता प्रश्न. खराब झाली असेल का आणि ते न उघडता कळतं का? बरी असेल तर अजून ठेवण्यात अर्थ आहे का? या डिसेंबरला आबांची पंचाहत्तरी आहे, पुण्याला नेऊन तिथे सगळ्यांसमोर उघडावी असं डोक्यात आहे, प्रवासात काही होईल का? आणि उघडायची कशी, कारण मला बिअर सोडून काही उघडता येत नाही.

साधा_माणूस:
तेलाच्या डब्याशेजारी ग्रेंज 😂 फोडणीत टाक आता.

बारीक_शेंडी:
अहो हीच ती ना जिच्यापायी न्यू साउथ वेल्सचा प्रीमियर, म्हणजे तिथला मुख्यमंत्री, घरी गेला? २०१४, बॅरी ओफॅरल. १९५९ ची बाटली भेट आली होती, साधारण तीन हजार डॉलरची, चौकशीत म्हणाला मला नाही आठवत आणि दुसऱ्या दिवशी त्याच्याच अक्षरातली आभाराची चिठ्ठी निघाली. राजीनामा. टोरेन्सकाठच्या, तू आजोबांना चिठ्ठी वगैरे लिहिली नाहीस ना?

द्राक्षबाग_ओझर:
भाऊ, घाबरून जाऊ नको आणि फोडणीवाल्यांचं ऐकू पण नको. आमचा धंदा द्राक्षाचा आहे, वाइनरीला माल देतो, म्हणून चार गोष्टी माहीत.

न उघडता पक्कं नाही सांगता येत पण बाटली बरंच बोलते. उन्हात वाइन फुगते, फुगली की बुचाला वर ढकलते नाहीतर बुचाच्या कडेने पाझरते, आणि गार झाली की आत हवा ओढते. ती हवा खरा शत्रू. म्हणून आधी बाटली सरळ उभी कर, मागून मोबाईलचा टॉर्च धर आणि वाइनची पातळी कुठे आहे ते बघ. मानेत असेल तर फार छान. मान संपून खांदा सुरू होतो तिथवर असेल तरी एवढ्या वयाला चालतंय. खांद्याच्या खाली उतरली असेल तर मात्र मनाची तयारी ठेव. मग वरची टोपी हलकेच फिरवून बघ. फिरली तर चांगलं, चिकटून बसली असेल तर खाली वाइन पाझरून वाळलेली असू शकते. टोपीच्या कडेला चिकट, काळपट ओघळ आहे का? बूच वर आल्यासारखं वाटतं का, बोट फिरवलं तर कळेल.

आणि फ्रिजचं डोकं म्हणजे सगळ्यात वाईट जागा होती, मागून कंप्रेसरची गरमी, वर थरथर, वर ट्यूबलाईट. पण जाड अंगाची शिराझ (काळ्या द्राक्षाची जात) आहे ही, लेचीपेची नाही.

टोरेन्सकाठचा:
बघितलं. पातळी मानेच्या अगदी बुडाशी आहे, खांद्यावर उतरलेली नाही. टोपी थोडा जोर लावल्यावर फिरली. ओघळ नाही. लेबलला एका कोपऱ्यात तेलकट डाग आहे पण तो आमचा 🙈 तळाशी एका बाजूला काळा गाळ धरलाय, हे वाईट का?

मुरांबा:
गाळ वाईट नाही, उलट बाटली बराच काळ आडवी पडून होती याची ती खूण. रंग आणि टॅनिन (वाइनमधला तुरटपणा) एकमेकांना धरून जड होतात आणि खाली बसतात, म्हणून तर जुनी वाइन रंगाला फिकी आणि जिभेला मऊ लागते. मी मेलबर्नला असते, नवऱ्याला हा नाद आहे आणि आमच्या घरात कपड्यांच्या कपाटापेक्षा वाइनचं कपाट मोठं आहे, त्यामुळे नाइलाजाने शिकले.

ठेवण्याबद्दल. तेरा-चौदा डिग्री, काळोख, थोडा ओलावा, बाटली आडवी म्हणजे बूच भिजलेलं राहतं. पण आकड्यापेक्षा तो आकडा हलता कामा नये हे महत्त्वाचं, कायम अठरा परवडलं पण दिवसा तीस रात्री पंधरा नको. साधा फ्रिज लांब मुदतीला नको, फार गार आणि कोरडा, बूच आक्रसतं. तुमचं बेडरूमचं कपाट, जर ते बाहेरच्या भिंतीला लागून नसेल तर, तात्पुरतं ठीक.

आणि ही ठेवण्यासाठीच बनवलेली वाइन आहे हो. मॅक्स शुबर्ट म्हणून पेनफोल्ड्सचा वाइनमेकर १९५० ला युरोपात गेला, खरं तर शेरी (स्पेनची कडक वाइन) शिकायला, पण येताना फ्रान्समधे बोर्डोला थांबला आणि तिथे म्हाताऱ्या वाइन चाखून त्याचं डोकंच फिरलं. इथे आल्यावर १९५१ ला पहिला प्रयोग, शिराझ आणि नवीन अमेरिकन ओकची पिंपं. लोकांनी ती कोवळी असतानाच चाखली आणि नावं ठेवली, कुणी म्हणे ही तर बिनसाखरेची पोर्ट (तुमच्या आबांना सांगा), आणि १९५७ ला वरून हुकूम आला की बंद करा. पठ्ठ्याने ५७, ५८, ५९ तिन्ही वर्षं गुपचूप बनवली. तोवर आधीच्या बाटल्या मुरल्या होत्या, त्या परत चाखल्यावर वरच्यांनी १९६० ला पुन्हा परवानगी दिली. म्हणजे बारीक शेंडी म्हणतात ती प्रीमियरवाली ५९ ची बाटली, ती पण चोरूनच बनवलेली 😄

१९९८ हे तिथलं गाजलेलं वर्ष आहे. नीट राखलेली असती तर अजून दहा-पंधरा वर्षं सहज. तुमची नीट राखलेली नाही, तेव्हा मी असते तर पेनफोल्ड्सच्या रीकॉर्किंग क्लिनिकला नेली असती. १९९१ पासून भरवतात, पंधरा वर्षांवरची त्यांची रेड नेता येते, ते उघडून थोडीशी चाखतात, बरी असेल तर थोडी नवी वाइन घालून भरतात, नवीन बूच आणि सर्टिफिकेट देतात.

द्राक्षबाग_ओझर:
मुरांबाताई, रीकॉर्किंग चांगलंच आहे पण ते ज्याला अजून वीस वर्षं ठेवायचीय किंवा लिलावात विकायचीय त्याच्यासाठी. ह्याला तर आजोबा सांगून गेले विकू नको. पातळी चांगली आहे, मग कशाला बाटलीचं ऑपरेशन? भाजलेली वाइन ठेवून सुधारत नाही. लोणचं मुरतं ते मिठाच्या जिवावर, ते सहजी बिघडत नाही. वाइनला पण अल्कोहोल आणि आंबटपणा सांभाळतात, पण कायमचं नाही, चढ आहे तसा उतार पण आहे, आणि गरमीने उताराला ढकलली असेल तर लवकर प्यायलेली बरी.

मुरांबा:
हे मान्य. त्यांना विकायची नाहीये हे विसरलेच मी.

कोथरूडची_मावशी:
मला पुण्याला आणण्याबद्दल बोलायचंय. कस्टमचा प्रश्न नाही, दोन लिटरपर्यंत बॅगेजमधे चालतं. पण एवढा प्रवास, तो गाळ सगळा ढवळून निघणार, मग बाटली निदान आठवडाभर, जमलं तर पंधरा दिवस उभी शांत ठेवायला हवी, आणि तू येणार किती दिवसांसाठी? शिवाय पंचाहत्तरीला घरात चाळीस माणसं. साडेसातशे मिलीमधे चाळीस माणसांना तीर्थ द्यायचंय का? कुणीतरी त्यात सोडा घालणार हे मी तुला लिहून देते, आमच्याकडे घातला होता. आणि जेवायला काय, तर मटण रस्सा. तिखटावर अशी वाइन म्हणजे तोंडात नुसती आग आणि तुरटपणा, बाकी काही कळत नाही.

ते जाऊ दे, एक विचारू का. ते आजोबा आहेत का अजून?

टोरेन्सकाठचा:
आहेत. ८४ वर्षांचे. घरापासून वीस मिनिटांवर. दिवाळी आणि ख्रिसमसला आम्ही जातो.

मावशी, खरं सांगतो, इतक्या वर्षांत हे डोक्यातच आलं नाही.

कोथरूडची_मावशी:
मग झालं तर. औषधं काय चालू आहेत ते तिथल्या नर्सला आधी विचार.

टोरेन्सकाठचा:
विचारलं. एक छोटा ग्लास चालेल म्हणाली, आणि वर मला पण थोडी ठेवा म्हणाली. पुढच्या रविवारी ठरलंय. आता ओझरकर, उघडायची कशी ते सांगा, हात थरथरायला लागलेत आत्तापासून.

द्राक्षबाग_ओझर:
शुक्रवारीच तिथे नेऊन उभी ठेव, त्यांच्या खोलीत गार कोपरा बघून. रविवारी हलवायची नाही. पिताना सोळा ते अठरा डिग्री हवी, खोली गरम असेल तर वीस मिनिटं त्यांच्या फ्रिजमधे, उभीच.

बूच पंचवीस वर्षांच्या वरचं आहे आणि मधे तीन वर्षं कोरडं राहिलंय, साधा स्क्रू घातला तर चुरा होणार. दोन पात्यांचं ओपनर मिळतं, आह-सो म्हणतात, पाती बुचाच्या दोन्ही बाजूंनी डोलवत डोलवत खाली सारायची आणि मग गोल फिरवत वर ओढायचं. घाई नाही. तरी तुटलं तर रडायचं नाही, मलमलचं स्वच्छ धुतलेलं फडकं ठेव, साबणाचा वास नको. चहाची गाळणी अजिबात नको, आलं-वेलचीचा वास जन्मात जात नाही तिचा.

मग काचेच्या मोठ्या भांड्यात एका दमात, हळू ओत, मानेखाली टॉर्च धरून. काळी रेघ मानेकडे आली की थांब. खाली दोन बोटं राहतील ती सोडून दे.

आधी वास घे. ओल्या पुठ्ठ्याचा वास आला तर खराब बुचाने वाइन बिघडवलीय, त्याला इलाज नाही. पण किंचित नेलपॉलिशसारखा वर चढणारा वास आला तर खराब झाली म्हणून ओतून देऊ नको, ग्रेंजमधे तो थोडा असतोच, शुबर्टच्या काळापासून. आणि तासन् तास उघडी ठेवायची नाही. घोटभर चाख, बंद बंद वाटली तर अर्धा तास थांब, नाहीतर लगेच.

टोरेन्सकाठचा:
अपडेट. काल उघडली.

बूच तुटलं, अर्थातच. वरचा अर्धा भाग आला, खालचा पात्यांनी हळूहळू काढला, तरी थोडा चुरा आत पडला, फडकं कामी आलं. आजोबा खुर्चीवरून सूचना देत होते, मी घामाघूम. पुठ्ठ्याचा वास नाही. नेलपॉलिश आला, तुम्ही सांगितलं नसतं तर शंभर टक्के ओतली असती.

रंग मधोमध काळपट आणि कडेला विटेसारखा. वास मला सांगता येत नाही नीट, पण आमच्या वाड्यात माझ्या आजोबांचं एक सागवानी कपाट होतं, त्यात तंबाखूची डबी आणि जुन्या वह्या असायच्या, ते उघडल्यावर यायचा तसा काहीतरी, आणि मागून काळ्या मनुका. चव म्हणाल तर मला वाटलं होतं घशाला खरवडेल, पण मऊ, आणि गिळल्यावर पण बराच वेळ तोंडात राहते. फळ जरा शिजल्यासारखं लागतं, जॅमकडे झुकलेलं, ते बहुतेक आमच्या फ्रिजचं पुण्य. तो ऑफिसवाला पण आला होता, तो म्हणाला थकलीय पण उभी आहे. आजोबांनी पहिला घोट घेतला आणि डोळे मिटून बसून राहिले, आम्हाला वाटलं झोपलेच. मग म्हणाले, त्या पॅनकेक आणल्या नाहीत का? पुढच्या वेळी नक्की. काल बायकोने मटण नुसतं मीठ-मिरी लावून भाजून नेलं होतं, ते छान गेलं.

पाऊण तासाने सगळ्यात भारी लागत होती, दीड तासाने उतरायला लागली, तेव्हा घाई केली ते बरं. नर्सबाईंना त्यांचा वाटा दिला. आबांना व्हिडिओ कॉल लावून दाखवली, ते म्हणाले रंगावरून काढा वाटतोय, गोड आहे का? नाही म्हटल्यावर त्यांचा इंटरेस्ट संपला.

रिकामी बाटली आजोबांनी ठेवून घेतली. शेवटचा एक प्रश्न, ओतायला ते काचेचं भांडं ऑफिसवाल्याकडून उसनं आणलं होतं, बारीक मानेचं आहे आणि रात्रभर तसंच राहिलं, तळाला जांभळा डाग धरलाय. हात आत जात नाही. काय करू?

मुरांबा:
साबण नको. मूठभर कच्चे तांदूळ, थोडं पांढरं व्हिनेगर, थोडं कोमट पाणी, आणि गोल गोल हलवत बसा.

साधा_माणूस:
बासमती की इंद्रायणी?

कोथरूडची_मावशी:
कणी घे रे, उगाच चांगला तांदूळ नको घालवू.