मदत हवी आहे: समद्विभुज त्रिकोणाच्या व्यत्यासाला मध्यगा का चालत नाही?

नमस्कार. मी खानापूर तालुक्यातली, घरी शिवणकाम करते. मुलगी नववीत आहे, कन्नड माध्यमात. माझी दहावी मराठी शाळेतून झाली. त्यामुळं भूमिती मी मराठीत सांगते आणि ती वहीत कन्नडमध्ये उतरवते. माझं पक्ष, साध्य, रचना, सिद्धता तिच्याकडं दत्त, साधनीय, रचने, साधने होतं. एकरूपला सर्वसम. एकरूपतेच्या कसोट्या मात्र दोन्हीकडं बाकोबा (बाजू-कोन-बाजू), कोबाको, बाबाबा अशाच म्हणतात. आमचा बा बाजूचा, त्यांचा बाहूचा, एवढाच फरक. तेव्हा भाषेचं आमचं जमतं. अडलंय ते गणितात.

पहिलं प्रमेय तिला पक्कं येतं. त्रिकोण अबक मध्ये अब = अक, तर कोन ब = कोन क. पुस्तकात कोन अ चा दुभाजक काढून बाकोबा लावलंय. तिनं स्वतःहून मध्यगा काढली. ड हा बक चा मध्यबिंदू. अब = अक, बड = कड, अड सामाईक, बाबाबा. मी तपासलं, मला बरोबर वाटलं.

मग आला व्यत्यास. कोन ब = कोन क दिलंय, अब = अक दाखवायचंय. तिनं परत मध्यगाच काढली आणि लिहिलं: बड = कड, कोन ब = कोन क, अड सामाईक, म्हणून दोन्ही त्रिकोण एकरूप. शाळेत त्यावर काट बसली. कारण कुणी सांगितलं नाही, नुसतं दुभाजकाचं उत्तर फळ्यावरून लिहून घ्यायला लावलं.

आता ती रोज विचारते, "आई, दोन बाजू जुळल्या, एक कोन जुळला, मग चालंना का? आणि उत्तर तर खरंच हाय की!" कोन त्या दोन बाजूंच्या मध्ये नाही, एवढं मी सांगू शकते. पण मध्ये नसला तर नेमकं काय बिघडतं, ते मला दाखवता येत नाही. मी कागदाचा त्रिकोण कापून मधोमध दुमडून दाखवला, ब्लाउजची पाठ बेतताना कापड दुमडतो तसा. कडा जुळल्या. ती म्हणाली, हा एक त्रिकोण जुळला, सगळे जुळतात कशावरून? तिचं बरोबर आहे. मोजून किंवा दुमडून सिद्धता होत नाही, हे मीच तिला शिकवलंय.

मला दोन गोष्टी हव्यात. बाबाको का चालत नाही, हे पोरीला चित्रातून पटेल असं उदाहरण. आणि तिची मध्यगा कशी तरी वाचवता येते का? स्वतःच्या डोक्यानं काढलेली रेघ आहे ती. नुसती खोडून टाकायला माझा हात होत नाही.

प्रतिसाद:

ताई, मी निपाणीकडचा, बरीच वर्षं गणित शिकवलं. मुलीचा प्रश्न फार चांगला आहे.

उदाहरण तिच्याच त्रिकोणात आहे. अब = अक = ५ सेंमी, बक = ६ सेंमी असा त्रिकोण काढायला सांगा. बक वर ड बिंदू मधोमध न घेता ब पासून २ सेंमीवर घ्या, म्हणजे डक ४ सेंमी. आता अबड आणि अकड हे त्रिकोण बघा. अब = अक. अड सामाईक. पहिल्या प्रमेयानं कोन ब = कोन क. दोन बाजू आणि एक कोन जुळले, पण एक त्रिकोण अरुंद, दुसरा रुंद! कोन दोन बाजूंच्या मध्ये असता तर तिसरी बाजू बांधली गेली असती. इथं ती मोकळी राहते, म्हणून एकाच मापाचे दोन वेगळे त्रिकोण तयार होतात. बाबाको ही कसोटी का नाही, ते यातच आलं. उत्तर खरं असलं तरी ज्या पायरीनं ती तिथं पोचली, ती पायरी दुसरीकडं खोटं बोलते.

आता मध्यगा. ती वाचते. ड पासून अब वर डइ आणि अक वर डफ हे लंब टाका. त्रिकोण बइड आणि कफड मध्ये कोन ब = कोन क, दोन्हीकडं काटकोन, बड = कड. म्हणून ते एकरूप, त्यामुळं डइ = डफ आणि बइ = कफ. मग अइड आणि अफड हे काटकोन त्रिकोण घ्या. कर्ण अड सामाईक, डइ = डफ. कर्णभुजा कसोटीनं अइ = अफ. बेरीज केली की अब = अक. फक्त एक सांभाळा: कर्णभुजा कसोटी पुस्तकात या व्यत्यासाच्या नंतर येते. तिची सिद्धता पहिल्या प्रमेयावर उभी करता येते, व्यत्यासाची गरज नाही, म्हणून तर्क गोल फिरत नाही. तरी परीक्षेत दुभाजकच लिहू दे.

आणखी एक दाखवा, तिला आवडेल. कुठलीच रेघ काढायची नाही. त्रिकोण अबक ची तुलना त्याच्याशीच, पण उलटा धरून, म्हणजे अकब शी करायची. कोन ब = कोन क, बक = कब, कोन क = कोन ब. कोबाको. झालं, अब = अक. पहिल्या प्रमेयाचीही अशीच बिनरेघेची सिद्धता चौथ्या शतकातल्या अलेक्झांड्रियाच्या पॅपसच्या नावावर सांगतात. युक्लिडनं व्यत्यास वेगळ्या वाटेनं केला: बाजू समान नाहीत असं धरून विसंगती काढली.

मूळ धागाकर्ती:

सर, खूप आभारी आहे. ५, ५, ६ चा त्रिकोण रात्रीच काढला. ड २ सेंमीवर घेतल्यावर ती बराच वेळ गप्प बसली, मग स्वतःच म्हणाली, "मधला कोन नसला की तिसरी बाजू सरकतीय." लंबांची सिद्धता तिनं कन्नडमध्ये उतरवून घेतली.

उलट्या त्रिकोणावर मात्र ती अडून बसलीय. एकच त्रिकोण दोनदा घ्यायला परवानगी आहे का, असं विचारते. तो कागद उलटा करून ठेवण्यासारखंच आहे असं मी म्हटलं, पण तिला ते पटलेलं नाही. हे कसं सांगू?